उघड्या दाराचे घर

आपल्याकडील संतचरित्रांत चूल क्वचितच पेटलेली दिसते. संत घराचा उंबरठा ओलांडून निघून जातात आणि मागे राहिलेल्या माणसांचे पुढे काय झाले, हे सांगण्याची गरज चरित्रकाराला भासत नाही. प्रापंचिक वाचक अशी चरित्रे भक्तिभावाने वाचतो, मिटतो आणि आपल्या संसाराकडे वळतो. त्या पानांतले काही आपल्या घरात उतरू शकेल असे त्याला वाटत नाही. डोरोथी डे (१८९७–१९८०) यांचे ‘द लाँग लोनलिनेस’ हे १९५२ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र मात्र या वाचकाला सहजासहजी सोडत नाही. गोरगरिबांच्या सेवेसाठी या बाईंनी घराचेच दार उघडले, आणि त्या घरात त्यांची सात वर्षांची मुलगी होती.

डोरोथी डे यांच्या संतपदाची प्रक्रिया २००० साली सुरू झाली. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकेच्या काँग्रेसपुढे बोलताना लिंकन, मार्टिन ल्यूथर किंग आणि थॉमस मर्टन यांच्या पंक्तीत त्यांचे नाव घेतले. एखाद्याचे नाव असे उंचावर गेले की त्याचे पुस्तक वाचण्याऐवजी त्याला नमस्कार करण्याकडे आपला कल होतो. म्हणून या ग्रंथाकडे ग्रंथ म्हणूनच पाहणे अगत्याचे वाटते.

ग्रंथाचे तीन भाग आहेत. पहिल्यात शोध आहे: ब्रुकलिनमधील जन्म, १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर बेघरांसाठी धावून गेलेले शेजारी, पुढे न्यू यॉर्कच्या समाजवादी पत्रांतील वार्ताहरकी. दुसऱ्या भागाला लेखिकेने नैसर्गिक सुखाचे नाव दिले आहे, आणि वाङ्मयीन दृष्ट्या हाच भाग सर्वांत सरस आहे. स्टेटन आयलंडच्या किनाऱ्यावरील लहानसे घर, समुद्र, शिंपले, मासे आणि फॉर्स्टर हा सहचर. तो निसर्गावर जीव लावणारा, परंतु ईश्वर आणि विवाह दोन्ही नाकारणारा. १९२६ च्या मार्चमध्ये तामारचा जन्म झाला आणि त्या आनंदाने आईला प्रार्थनेकडे नेले. दुःखाने देवाकडे वळलेली माणसे साहित्यात पुष्कळ भेटतात. सुख ओसंडून वाहू लागल्यावर आभार कोणाचे मानावेत, या प्रश्नाने देवाकडे वळलेली स्त्री विरळाच. १९२७ च्या जुलैत बाळाचा स्नानसंस्कार झाला, २८ डिसेंबरला आईचा. त्याची किंमत होती फॉर्स्टरशी ताटातूट. ही ताटातूट लेखिकेने आक्रोश न करता लिहिली आहे, आणि म्हणूनच ती मनाला भिडते.

तिसऱ्या भागात आपण महानगराच्या पोटात येतो. १९३२ चा डिसेंबर. महामंदीने अमेरिकेतील कामगारांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा बेकार झालेला. वॉशिंग्टनमधील भूकमोर्चाचे वार्तांकन करून, तेथील निष्कलंक मातेच्या मंदिरात आपल्या हातून गरिबांसाठी काही घडावे अशी प्रार्थना करून डोरोथी पंधराव्या रस्त्यावरील बिऱ्हाडी परततात. त्या लहानशा जागेत धाकटा भाऊ, त्याची गरोदर पत्नी आणि तामार राहत आहेत. आणि दारात पीटर मॉरिन हा फ्रेंच शेतकरी उभा. चुरगळलेला कोट, खिशांत कोंबलेली पुस्तके आणि ओठांवर अखंड कार्यक्रम: चर्चेसाठी बैठका, भुकेल्यांसाठी आतिथ्यगृहे, शहराबाहेर शेतीवस्त्या. १ मे १९३३ रोजी युनियन चौकात ‘कॅथलिक वर्कर’चा पहिला अंक विकला गेला: अडीच हजार प्रती, किंमत एक सेंट, छपाईचा खर्च सत्तावन्न डॉलर. दोन-तीन वर्षांत खप लाखाच्या पुढे गेला. पत्रात आतिथ्याबद्दल लिहिले म्हणून लोक आतिथ्य मागायला आले. १९३६ पासून १९५० पर्यंत मॉट स्ट्रीटवरील जुन्या चाळीत रोज सकाळी कॉफी आणि पावासाठी शेकडो माणसांची रांग लागे. पगार कोणालाच नाही, सरकारी अनुदान नाही. देणी थकली की संत योसेफाला साकडे.

लेखिकेची वार्ताहरकी येथे कामास आली आहे. गरिबीचे वर्णन करताना बहुतेक धार्मिक लेखक हळवे होतात. डोरोथींच्या पानांत ढेकूण आहेत, ओल्या कपड्यांचा दर्प आहे, दारू पिऊन भांडणारी माणसे आहेत, आणि ज्यांना जेवू घातले तेच उलट बोलतात हेही आहे. मत्तयलिखित शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय आपण वर्षानुवर्षे ऐकतो. त्या अध्यायातील पाहुणा आंघोळ न केलेला आणि तिरसट असू शकतो, हे या ग्रंथाइतके स्वच्छ क्वचितच कोणी सांगितले असेल.

तथापि याच भागात ग्रंथाची उणीव आहे. दुसऱ्या भागात पानापानावर असलेली तामार तिसऱ्या भागात हळूहळू मागे सरकते. घर भरत जाते, पाहुणे वाढतात, संप, सभा आणि प्रवास वाढतात. त्या गर्दीत मूल कोठे झोपले, शाळेतून आल्यावर कोणाशी बोलले, हे विचारावेसे वाटते तोवर लेखिका पुढे निघून गेलेली असते. आणि मग एकदम ती अठरा वर्षांची वधू होऊन समोर येते. ग्रंथात इतरही मौने आहेत. तरुणपणीच्या गर्भपाताचा अनुभव डोरोथींनी १९२४ च्या ‘द इलेव्हन्थ व्हर्जिन’ या कादंबरीत नायिकेच्या नावाने मांडला होता. आत्मचरित्रात तो येत नाही. त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. पापनिवेदन धर्मगुरूपाशी करायचे असते, वाचकापाशी नव्हे. परंतु तामारविषयीचे मौन निराळे आहे. ते लेखिकेच्या भूतकाळाविषयी नसून तिच्या कार्याच्या किमतीविषयी आहे.

मराठी वाचकाला येथे ‘स्मृतिचित्रे’ आठवल्याशिवाय राहत नाहीत. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात रेव्हरंड टिळकांचे उदार घर आहे. टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे आणि त्यांच्या दाराला अडसर ठाऊक नव्हता. परंतु तेथे लेखणी लक्ष्मीबाईंच्या हाती आहे. देणारा एक आणि त्या देण्याचा हिशेब सांभाळणारी दुसरी. त्यामुळे टिळकांचे औदार्य आपल्याला दोन्ही बाजूंनी दिसते: जगाला ते कसे दिसले आणि रिकाम्या डब्यापाशी उभ्या राहिलेल्या गृहिणीला कसे दिसले. लक्ष्मीबाईंच्या विनोदामुळे त्या हिशेबात कडवटपणा उरत नाही, पण हिशेब मात्र चोख राहतो. ‘द लाँग लोनलिनेस’मध्ये देणारी आणि लिहिणारी एकच आहे. दुसरी वही तेथे नाही.

ती वही पासष्ट वर्षांनी उघडली. तामारच्या नऊ मुलांपैकी सर्वांत धाकट्या केट हेनेसी यांनी २०१७ साली ‘डोरोथी डे: द वर्ल्ड विल बी सेव्ह्ड बाय ब्यूटी’ हा आजीचा आणि आईचा जोडवृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यात निवासी शाळांत राहिलेली, आईच्या परतीची वाट पाहणारी मुलगी भेटते. रोपे, पक्षी, सूतकताई यांत रमणारी आणि शब्दांनी भरलेल्या घरात अबोल राहिलेली. फादर जॉन ह्यूगो यांच्या कठोर रिट्रीटच्या प्रभावाखाली आई अधिक करडी झाली तेव्हा त्याची झळ मुलीला कशी लागली, हेही नात लपवत नाही. पुढे तामार ख्रिस्तसभेपासून दुरावली. गरिबीशी झगडत तिने नऊ मुले वाढवली. तरीही या पुस्तकाला तक्रारअर्ज म्हणता येत नाही. मॉट स्ट्रीटच्या त्या विचित्र गोतावळ्यावर तामारचे प्रेम होते आणि आईवरही होते. नातीला न्यायनिवाडा करायचा नाही. तिला दोघींनाही समजून घ्यायचे आहे.

मग डोरोथी डे यांची साक्ष खोटी ठरते काय? मुळीच नाही. १९४३ मध्ये त्यांनी चळवळीतून काही महिने रजा घेतली, त्यात लेकीजवळ राहण्याची ओढ होती. १९४८ च्या ‘ऑन पिल्ग्रिमेज’मध्ये त्या वेस्ट व्हर्जिनियात लेकीच्या शेतघरी धुणी आणि नातवंडे यांच्यात रमलेल्या दिसतात. २००८ साली बाहेर आलेल्या दैनंदिन्यांत तर तामारची काळजी पुन्हा पुन्हा येते. आईला किंमत ठाऊक होती. आत्मचरित्रात ती मांडली गेली नाही, एवढाच समीक्षकाचा आक्षेप. आणि तो आक्षेप लहान नाही. कारण हा ग्रंथ वाचून जे तरुण दांपत्य एखाद्या वस्तीत जाऊन राहील, त्याला रांगेतल्या शेवटच्या माणसाचे तोंड दिसेल, पण आपल्याच मेजाखाली बसलेले मूल दिसणार नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरगुती ख्रिस्तसभा म्हटले. देवळाचे दार सर्वांसाठी उघडे असते, पण आत पवित्र मंजुषेला कुलूप असते. ते कुलूप कृपणतेचे नव्हे, आदराचे असते. घरातील मुलांचा वेळ, त्यांची झोप आणि आईवडिलांची त्यांच्यापुरती राखलेली नजर यांना असाच आदर हवा. आणि याची दुसरी बाजूही विसरता कामा नये. आपल्या धर्मग्रामांतील बहुतेक घरांचा धोका डोरोथींच्या घराहून उलटा आहे. ‘मुलांसाठी’ या एका शब्दाखाली आपण किती दारे लावून घेतली आहेत! शेजारच्या चाळीत कोण उपाशी झोपले हे मुलांना कळूही नये, अशी तजवीज आपण प्रेमापोटी करतो. तामारला आई कमी लाभली हे खरे. परंतु भुकेल्या माणसालाही नाव असते हे तिला लहानपणीच कळले. आपल्या मुलांना ते कधी कळणार?

म्हणून हे दोन्ही ग्रंथ एकामागोमाग वाचावेत, आधी आजीचा, मग नातीचा. पहिला वाचून दार उघडावेसे वाटते. दुसरा वाचल्यावर दार उघडण्यापूर्वी आपण वळून घरात पाहतो, आणि तरीही ते उघडतो.