हाती तलवार, पायी पवित्रा

गेल्या मे महिन्यात कॉलेजात जाणाऱ्या माझ्या नातीने एक जाडजूड इंग्रजी कादंबरी माझ्यापुढे उघडून ठेवली आणि विचारले, "आजोबा, 'स्टान्स'ला मराठीत काय म्हणतात?" तिचे शिक्षण इंग्रजीत, शेजार कानडी आणि घर मराठी. त्यामुळे असले प्रश्न आमच्याकडे जेवणाच्या पानावरही येतात. मी म्हटले, "पवित्रा." ती हसली. "तो तर पेपरातला शब्द! विरोधकांनी आक्रमक पवित्रा घेतला, तसला." तिचे चुकले नव्हते. तलवारी गेल्या आणि शब्द तेवढा सभागृहात उरला. 'पटाईत' हाही मुळात पट्टा चालवणारा. आता थापा मारण्यातही माणूस पटाईत असतो. शेजारच्या काकूंनी कानडीतला 'कत्तिवरसे' सांगितला आणि तो मात्र अजून तलवारबाजीलाच चिकटून असल्याचे पाहून मला थोडा हेवा वाटला.

पुस्तक होते जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचे १९९६ सालचे 'अ गेम ऑफ थ्रोन्स'. २०११पासून त्याची दूरदर्शन-मालिका जगभर गाजली, पण मी ती पाहिलेली नाही. पुस्तकही संशयानेच हाती घेतले. आमची पिढी 'चांदोबा'वर आणि नाथमाधवांच्या 'वीरधवल'वर वाढलेली. प्रेत खांद्यावर घेऊन नंगी तलवार हाती धरलेला विक्रम राजा आम्हाला चित्रात रोज भेटे, पण ती तलवार त्याने कशी चालवली असती, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. तलवार लखलखली, विजेसारखी फिरली, शत्रूचे मस्तक धडावेगळे झाले, एवढ्यावर आम्ही खूश होतो.

मार्टिन यांच्या पुस्तकात आर्या नावाची एक लहान मुलगी आहे. तिचा भाऊ तिच्यासाठी एक बारीक, हलकी तलवार घडवून घेतो आणि तिला शिवणकामाचा कंटाळा म्हणून तलवारीचे नाव ठेवतो 'नीडल', म्हणजे सुई. तिला शिकवायला परमुलखातला सिरिओ नावाचा गुरू येतो आणि पहिल्याच दिवशी तिचे उभे राहणे दुरुस्त करतो. समोर छाती करून नको, कुशीवर वळून उभी राहा, म्हणजे शत्रूला अंगाचा कमीत कमी भाग दिसेल. तलवार एका हातात, मूठ आवळून न धरता. हे सारे त्या पात्यातून निघते. बारीक पाते तोडण्याचे नव्हे, भोसकण्याचे. ज्याला टोक पुढे न्यायचे आहे त्याचा एक खांदा पुढे आणि दुसरा मागे जाणारच. तिच्या बापाच्या सरदारांच्या लांब तलवारी वेगळ्या. पंधराव्या शतकातल्या जर्मन ग्रंथांत लांब तलवारीचे चार मुख्य पवित्रे सांगितले आहेत आणि त्यांतल्या दोहोंची नावे आहेत 'बैल' आणि 'नांगर'. बैलात मूठ डोक्याशी आणि टोक शिंगासारखे पुढे, नांगरात मूठ कमरेशी आणि टोक वर शत्रूच्या तोंडाकडे. दोन्ही हात मुठीवर असल्याने ढालीला हातच उरत नाही. शेतकऱ्याच्या मुलाला हे अर्ध्या मिनिटात समजावे.

याच पुस्तकात एक द्वंद्व आहे. सर वार्डिस हा नामवंत योद्धा जड चिलखत आणि ढाल घेऊन उतरतो. समोर ब्रॉन नावाचा भाडोत्री शिपाई, हलक्या साखळी-चिलखतात आणि ढालीवाचून. वार्डिसला त्याच्या मालकिणीने हौसेने आपल्या दिवंगत नवऱ्याची नक्षीदार रुपेरी तलवार दिलेली आहे. पाहणाऱ्या कॅटलिनच्या मनात येते की याला स्वतःचीच तलवार बरी पडली असती. ब्रॉन मागे सरतो, टाळतो, त्याला दमवतो आणि अखेर ती सुंदर तलवार संगमरवरी पुतळ्यावर आदळून तुटते. कोणाच्या हातात काय आहे, हे कळताच लढाईचा निकाल कळत जातो, तरी उत्कंठा उणावत नाही. सिरिओचा शेवटही याच हिशेबाने होतो. त्याच्या हाती सरावाची लाकडी तलवार. रक्षकांना तो एकामागून एक लोळवतो, पण पुढे चिलखतधारी सर मेरिन येतो, त्याचे पोलाद ते लाकूड मधोमध तोडते, आणि वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

टोल्किन यांच्याबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. त्यांच्याकडे तलवारीला वंशावळ असते, पायांची हालचाल क्वचितच. पण 'द टू टॉवर्स'मध्ये (१९५४) एक जागा अशी आहे की तिच्यापुढे बाकीचे माफ. राक्षसी कोळीण अंगावर कोसळते तेव्हा ठेंगू सॅम दोन्ही हातांनी छोटी तलवार टोक वर करून नुसती धरतो. त्याच्या जोराने ते कातडे कधीच फाटले नसते. ती आपल्याच वजनाने स्वतःला त्यात रोवून घेते. छोट्या माणसाला, छोट्या पात्याला, याहून योग्य पवित्रा कोणता?

आमच्या अद्भुत कथांविषयी माझी तक्रार इथे सुरू होते. तलवारींची नावे आपल्याकडे भरपूर आहेत: धोप, खांडा, फिरंग, पट्टा. पण कथेत धोप काढून पट्टा घातला तरी एक वाक्य बदलावे लागत नाही. वास्तविक धोप सरळ पात्याची. तलवारीच्या मुठीला शेवटी गोल चकती असते. ती मनगट फार वाकू देत नाही, म्हणून वार खांद्यातून येतो आणि पाते ओढत जाते. पट्ट्यात तर हात कोपराच्या दिशेने लोखंडी आवरणात जातो आणि मनगट जवळजवळ बंद. मग माणसाला सगळे अंगच फिरवावे लागते. कोल्हापूरकडचे मर्दानी खेळ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना पट्टेकऱ्याचे ते गरगर फिरणे आठवत असेल. ते काही शोभेचे नाही, हत्याराने लादलेले आहे. हूल, वार, फेक, परजणे, हे शब्द अजून आपल्या तोंडी आहेत. लेखकाने ते उचलायचे तेवढे बाकी आहे.

हे मी नातीला सांगत बसलो, तेव्हा तिने हळूच एक वही पुढे केली. मराठीत लिहिलेली गोष्ट, शुद्धलेखनाच्या चुका भरपूर. नायिकेच्या उजव्या हातात पट्टा, डाव्या हातात मशाल, आणि ती शत्रूच्या वाड्याचे दार उघडून आत शिरते. मी विचारले, "पट्टा चढवलेल्या हाताने कडी कशी काढली?" ती बराच वेळ गप्प बसली. दुसऱ्या दिवशी वहीत नायिकेबरोबर एक धाकटा भाऊ आला होता. मशाल आता त्याच्या हातात होती आणि कडीही तोच काढत होता. दार उघडल्यावर मात्र तो भिऊन मागे सरतो, कारण बहिणीचा पट्टा फिरायला लागला की जवळ उभे राहण्यात अर्थ नाही, हे त्याला ठाऊक आहे.