सिकलसेलग्रस्त मुलांचे अवधान : उपचारविचाराची समीक्षा

वर्गात लक्ष न देणाऱ्या मुलास ‘चंचल’ अथवा ‘आळशी’ ठरविणे सोपे असते. विदर्भात हा निर्णय विशेष जपून द्यावयास हवा. येथील अनुसूचित जाती-जमातींत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष मोठ्या प्रमाणावर आढळतो. बडनेऱ्याच्या एखाद्या शाळेत मागच्या बाकावर पेंगणारे मूल त्याने पीडित असणे असंभाव्य नव्हे.

अशा मुलांच्या अवधानदोषाचे कारण एकच नसते. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींमुळे मेंदूच्या सूक्ष्म भागांचा रक्तपुरवठा तुटतो व कोणतेही बाह्य लक्षण न दिसता तेथे कायमची इजा होते. त्यात रक्तक्षय, वेदनांनी मोडलेली झोप आणि बुडालेली शाळा यांची भर पडते. उपचारविषयक संशोधनात हा कारणभेद पुरेसा पाळला जात नाही, हा मुख्य आक्षेप होय.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्राथमिक चाचणीत मेथिलफेनिडेट या उत्तेजक औषधाने मुलांचे अवधान सुधारल्याचे पालक व शिक्षकांनी नोंदविले. तथापि मुलांची संख्या अल्प होती आणि अवधीही थोडा. शिवाय हे औषध भूक मंदावते. मूळच्या अशक्त मुलाच्या बाबतीत ही गोष्ट गौण नव्हे. २०१४ च्या मोठ्या चाचणीत १९६ मुले होती. नियमित रक्त दिलेल्या गटात मेंदूच्या नव्या इजेचे प्रमाण ६ टक्के, तर इतरांत १४ टक्के आढळले. परंतु बुद्धिमापनात लक्षणीय अंतर पडले नाही. म्हणजे एक उपाय वर्तन पाहतो, दुसरा मेंदू राखतो. मुलाचे प्रत्यक्ष शिकणे दोहोंच्या हातून निसटते.

हे निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करणेही युक्त नाही. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बहुधा अधिक असल्याने रोगाची तीव्रता भिन्न असते. परिस्थितीही भिन्न आहे : बडनेऱ्याहून अमरावती जवळ, मेळघाटातील पालकास मात्र दरमहा रक्तासाठी खाली उतरणे म्हणजे मजुरी गमावणे होय.

२०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात व्यापक रक्ततपासणी योजिली आहे. तथापि रक्ताची नोंद मुलाचे अवधान सांगत नाही. यास्तव गोळी देण्यापूर्वी हिमोग्लोबिन, झोप, वेदना व शाळेतील अनुपस्थिती यांचा विचार व्हावा, आणि शिक्षकाचे निरीक्षण वैद्याच्या नोंदीस जोडले जावे. अन्यथा रोगाचे लक्षण स्वभावाच्या खाती जमा होत राहील आणि त्याची शिक्षा मुलास भोगावी लागेल.