कड्याची आतली बाजू

चार्ल्स लोलोमा हे नाव फोनवर शोधून पाहा. आधी दिसतात ती त्याची उंच कडी. चांदीच्या किंवा सोन्याच्या पट्टीवर फिरोजा, पोवळं, लॅपिस लाझुली आणि आयर्नवूड नावाचं वाळवंटी लाकूड यांच्या चिपा एकीला एक खेटून उभ्या केलेल्या. कुठली उंच, कुठली बुटकी. मनगटावर कुणी दगडी गाव वसवलंय असं वाटतं. थोडं खाली सरकलं की आणखी एका प्रकारचे फोटो लागतात. तेच कडं आडवं ठेवलंय, आत उजेड पाडलाय आणि कॅमेरा आतल्या बाजूवर रोखलाय. जिथे कातडी टेकते त्या बाजूलाही खडे बसवलेले आहेत.

हे दुसरे फोटो फार देखणे असतात. मला ते खटकतात. लोलोमाच्या दागिन्यांना 'अंगावर घालायची शिल्पं' म्हणायचा प्रघात आहे, आणि त्याचं कारण म्हणून नेहमी त्यांची उंची, खडबडीतपणा, भव्यता दाखवली जाते. पण ही कडी शिल्पं ठरतात ती त्यांना खरीखुरी आतली बाजू आहे म्हणून. आणि नेमकी तीच बाजू आज आपल्याला सगळ्यात सहज, सगळ्यात चुकीच्या रीतीनं दिसते.

लोलोमा (1921-1991) होपी जमातीचा. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात पठारांच्या माथ्यावर होपींची गावं आहेत. त्यातलं हॉटेव्हिला हे त्याचं गाव. 1906 साली ओरायबी गावात फूट पडली. सरकारी शाळा आणि गोऱ्यांच्या रीती नकोत म्हणणाऱ्या लोकांना गाव सोडावं लागलं आणि त्यांनी हॉटेव्हिला वसवलं. म्हणजे माणूस सगळ्यात कडव्या परंपरावाद्यांच्या गावचा. तो आधी चित्रकार होता. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्क राज्यातल्या आल्फ्रेड इथे जाऊन मातीकाम शिकला. दागिन्यांकडे तो वळला त्यानंतर. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. मडकं करणाऱ्याला भांड्याची आतली बाजू विसरून चालत नाही. त्याच्यासाठी पोकळी आधी, भिंत नंतर.

त्याच्या कामातला एक मोठा भाग ओतीव आहे, आणि त्यासाठी त्यानं वापरलेली एक रीत त्या भागात आधीपासून रुळलेली होती. ट्यूफा म्हणजे ज्वालामुखीची राख दाबली जाऊन तयार झालेला सच्छिद्र दगड. इतका मऊ, की चाकूनं कोरता येतो. करवतीनं त्याचे दोन तुकडे करायचे, एकमेकांवर घासून सपाट करायचे, म्हणजे मध्ये फट राहत नाही. एका तुकड्यात नक्षी कोरायची, पण उलटी. दगडात जे खोल जाईल ते धातूत उंच येणार. वर रस ओतायला नाळकं कोरायचं, हवा आणि वाफा निघून जायला बारीक चऱ्या ठेवायच्या. चांदी दगडाला धरून बसू नये म्हणून आतून काजळी धरायची. दोन्ही तुकडे घट्ट बांधायचे आणि मुशीतला रस एका दमात ओतायचा. शुद्ध चांदी 960 अंश सेल्सियसच्या आसपास वितळते. हात अडखळला तर रस मध्येच थिजतो आणि काम वाया जातं.

निघते ती सपाट पट्टी. ती तापवून, ठोकून, वाकवून मग कडं होतं. म्हणजे कोरणाऱ्याला एकाच वेळी दोन गोष्टी डोक्यात धराव्या लागतात. खोल ते उंच होणार आहे आणि सपाट ते गोल होणार आहे. साचा फार टिकत नाही. कधी पहिल्याच ओतण्यात तडकतो, कधी काही वेळा चालतो आणि मग कडा बोथट होतात. मागे राहतो तो दगडाचा पोत. ट्यूफाची रवाळ कातडी चांदीवर जशीच्या तशी उमटते. पुष्कळ कारागीर ती कानशीनं घासून, पॉलिश करून घालवत. लोलोमानं ती ठेवली. म्हणून त्याच्या ओतीव कड्यांमध्ये दगड दोनदा येतो, एकदा खडा म्हणून आणि एकदा मोडून गेलेल्या साच्याचा ठसा म्हणून.

माझ्या मते त्याचं सर्वोत्तम काम हे आहे. उंच चिपांची कडी प्रसिद्ध आहेत, पण त्यातली काही रंगांची आतषबाजी होऊन बसतात. इतकी मौल्यवान द्रव्यं एका मनगटावर आली की नजर आकाराकडे न जाता हिशेबाकडे जाते. ओतीव कड्यात मात्र धातू धातूसारखा वागतो. त्याला वजन असतं, थिजल्याची खूण असते आणि रंग एखाद्याच फिरोजावर थांबतो.

आता भांडणाकडे येऊ. न्यू मेक्सिकोतल्या गॅलप या गावी 1922 पासून मूलनिवासी जमातींचा एक मोठा सोहळा भरत आला आहे. तिथल्या स्पर्धेत लोलोमाचे दागिने नाकारले गेले. कारण, ते 'इंडियन' वाटत नाहीत.

मग 'इंडियन' काय होतं? होपी चांदीकाम म्हटलं की आज दोन पत्र्यांचं काम डोळ्यांपुढे येतं. वरच्या पत्र्यात नक्षी कापायची, तो खालच्या पत्र्यावर डाक देऊन बसवायचा आणि खालचा पत्रा काळा करायचा. ही शैली आली कुठून? फ्लॅगस्टाफच्या नॉर्दर्न अॅरिझोना म्युझियमनं 1930च्या दशकाच्या अखेरीस होपी कारागिरांना सुचवलं, की शेजारच्या नाव्हाहोंपेक्षा वेगळं दिसेल असं काहीतरी करा, आणि तुमच्याच मडक्यांवरची, विणकामातली नक्षी घ्या. मग युद्ध आलं. 1947 मध्ये फ्रेड काबोटी आणि पॉल सॉफकी यांनी युद्धावरून परतलेल्या होपी तरुणांना हे काम शिकवायला घेतलं आणि 1949 मध्ये होपी सिल्व्हरक्राफ्ट गिल्ड उभी राहिली. लोलोमा दागिन्यांकडे वळला तेव्हा या 'परंपरे'नं विशीसुद्धा ओलांडली नव्हती.

आणखी मागे जा. नाव्हाहो माळेत मधोमध लटकणारी चंद्रकोर, जिला 'नाजा' म्हणतात, ती स्पॅनिश घोडेस्वारांच्या लगामावरून आलेली. चांदी बराच काळ यायची ती मेक्सिकन आणि अमेरिकन नाणी वितळवून. यानं कुणाचंच काम खोटं ठरत नाही. काबोटी आणि सॉफकी यांनी म्युझियमच्या सूचनेतून जे घडवलं ते अस्सल होपीच आहे, कारण होपी हातांनी ते आपलं केलं. पण मग तोच न्याय लोलोमालाही लागायला हवा होता. त्यानं कोरलेला ट्यूफा तिथलाच, ओतण्याची रीत तिथली, फिरोजा तिथला. परीक्षकांनी वरचा पत्रा तपासला आणि खालचा दगड पाहिलाच नाही.

हे आपल्याला दूरचं वाटायचं कारण नाही. सणासुदीला फोनवर 'अस्सल पारंपरिक' म्हणून जे दागिने दिसतात, त्यांचं अस्सलपण आपणही नक्षीवरूनच ठरवतो. घडवलं कुणी, कसं, कशात, हे क्वचित विचारतो. सराफाकडचा काटा तर आणखी सरळ. जुना दागिना मोडीत द्यायला गेलं की खड्यांचं वजन वजा होतं आणि उरलेल्या सोन्याचा भाव होतो. घडणीला काट्यावर जागा नाही. लोलोमाचं कडं असं मोडीत काढलं, तर त्यातलं जे त्याचं होतं ते सगळंच वजा होईल.

आणि सगळ्यात आधी वजा होतील ते आतले खडे. दुकानातल्या गिऱ्हाइकाला ते दिसत नाहीत, समोर बसलेल्या माणसाला दिसत नाहीत. घालणाऱ्यालाही दिसतात फक्त घालताना आणि काढताना. एरवी ते कातडीला कळतात. लोलोमानं त्यांचा अर्थ माणसाच्या आत असलेल्या सौंदर्याशी जोडला होता. हे वाक्य सुविचारासारखं वाटण्याचा धोका आहे, पण वस्तू हातात धरल्याची कल्पना करा, म्हणजे ते सुविचार राहत नाही. कारागिरानं कित्येक तासांचं काम अशा जागी केलंय, जिथे त्याला दाद द्यायला दुसरं कुणी नाही.

ही कल्पना जगात एकट्या लोलोमाची नव्हे. जयपुरी कुंदनाच्या हारामागे मीनाकारी असते. फुलं, पानं, पक्षी, सगळं गळ्याच्या बाजूला. पण तिथे पाठ रंगवणं ही घराण्याची रीत होती आणि मऊ सोन्याची झीज रोखण्याचा उपयोगही होता. लोलोमाला अशी रीत बांधील नव्हती. नाकारलेल्या माणसानं आपल्या सगळ्यात चांगल्या खड्यांची जागा परीक्षकाच्या नजरेबाहेर निवडावी, यात मला थोडा ताठाही दिसतो.

म्हणूनच आत उजेड पाडून काढलेले फोटो खटकतात. लोलोमानंतर आतली जडवणूक ही एक शैली झाली, अनेकांनी उचलली, आणि आता लिलावाच्या पानावर ती किंमत वाढवणारी बाब म्हणून दाखवली जाते. आतली बाजू म्हणजे दुसरी बाहेरची बाजू झाली. यात दोष फोटो काढणाऱ्याचा म्हणवत नाही. आपल्यातल्या बहुतेकांना हे कडं दुसरीकडे कुठे दिसणारही नाही. पण फोटो पाहताना एवढं तरी लक्षात ठेवता येतं, की आपण एका मनगटाच्या जागी उभे आहोत.

1986 मध्ये एका मोटार अपघातानंतर लोलोमाचं काम थांबलं. फिनिक्सच्या हर्ड म्युझियमसारख्या ठिकाणी त्याची कडी आता काचेमागे आहेत. त्यातल्या ओतीव कड्यांवर दगडाचा रवा अजून तसाच आहे. आतले खडे मात्र आता कुणाच्याच कातडीला लागत नाहीत.