रेला गीतांचे मात्रागणित

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली-भामरागड भागातील माडिया गोंडांची रेला गीते मराठी अभ्यासकापुढे येतात ती बहुधा मुद्रित संहितेच्या रूपात. देवनागरीत उतरवलेल्या ओळी, शेजारी मराठी अर्थ, आणि ज्या पालुपदावरून या गीतांना नाव मिळाले ते एकदाच देऊन पुढे टिंबे. या टिंबांत काय गळाले याचा विचार लयविवेचनात क्वचितच होतो. छापील अक्षरांचे लघु-गुरू मोजले जातात आणि बेरीज जुळली नाही की गीत ‘मुक्त लयीचे’ ठरते.

हा निष्कर्ष गीताविषयी फारसे काही सांगत नाही. मोजपट्टीविषयी मात्र पुष्कळ सांगतो. मराठी छंदःशास्त्रात ए आणि ओ नेहमीच गुरू, म्हणजे द्विमात्रक. गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा. तिच्या काही बोलींत हे दोन्ही स्वर ऱ्हस्वही आहेत. देवनागरीची रूढ चिन्हे हा भेद दाखवीत नाहीत. मोजणी सुरू होण्यापूर्वीच ती अशी बिघडलेली असते.

वास्तविक माधवराव पटवर्धनांच्या ‘छंदोरचने’त (१९२७, सुधारित आवृत्ती १९३७) यावरचा उतारा आहे. लेखी ऱ्हस्व अक्षरही छंदात गुरू उच्चारले जाते, हे त्यांनी ओळखले होते. जातिरचनेची व्यवस्थाही त्यांनी आवर्तनावर लावली: पद्मावर्तनीत आठ मात्रा, भृंगावर्तनीत सहा. आवर्तन ही मुळात कानाची कल्पना. अध्यापनात तिचे कोष्टक झाले, हा दोष पटवर्धनांचा नव्हे.

शिवाय मात्रांची संख्या म्हणजे ताल नव्हे. सहा मात्रा तीन-तीन अशा विभागल्या की दादऱ्याचा बांधा येतो. त्याच दोन-दोन-दोन अशा विभागल्या की चाल पालटते. पाश्चात्य स्वरलेखनात या दोहोंसाठी दोन निरनिराळी तालचिन्हे आहेत. रूपकात तर सात मात्रांची सुरुवातच खालीवर होते. विभागणी कोठे आहे हे शब्दांवरून कळत नाही. रेलात ती पायांत असते. हात गुंफून सरकणारी रांग ज्या अक्षरावर पाऊल टाकते तेथे आघात. गीताची ओळ त्या पावलाला कधी अपुरी पडते, कधी ओलांडते.

अशा वेळी पालुपद कामाला येते. पुढची ओळ सुचेपर्यंत समूह त्यावर आवर्तन धरून ठेवतो. संकलकाला ते निरर्थक वाटते, कारण तो अर्थ गोळा करायला आलेला असतो. पण गीताचे माप त्या ‘निरर्थक’ अक्षरांतच आहे आणि नेमके तेच छपाईत गाळले जाते.

पालुपद प्रत्येक वेळी लिहिणे आणि पाऊल पडते त्या अक्षराखाली खूण करणे, एवढे केले तरी संहिता वाचनीय होईल. अन्यथा तिच्यावरून रंगमंचावर रेला बसवणारा तबलजी सवयीने केरवा धरील, नाचणारे त्याच्या समेवर पाऊल टाकू लागतील आणि पुढचा संशोधक त्याचीच ध्वनिफीत पुरावा म्हणून जोडील.