‘द विकर मॅन’मधला खोटा वसंत

‘द विकर मॅन’मधला वसंत खोटा आहे. गोष्ट घडते एप्रिलच्या अखेरीस, स्कॉटलंडच्या किनाऱ्यापलीकडच्या समरआइल नावाच्या काल्पनिक बेटावर. शूटिंग मात्र झालं १९७२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. झाडांची पानं गळत होती, म्हणून नकली फुलं आणून फांद्यांवर लावली. हे वाचलं त्या रात्री मी चित्रपट फोनवर पुन्हा लावला आणि माणसं सोडून फक्त झाडं बघत बसलो. एकदा कळलं की मग ते लपत नाही. मुली आगीवरून उड्या मारतायत, वसंताची गाणी चाललीयत, आणि ऊन मात्र नोव्हेंबरचं, तिरपं आणि फिकं.

(चित्रपट १९७३ सालचा आहे, तेव्हा शेवट मी बिनदिक्कत सांगणार. ज्यांना नकोय त्यांनी आधी बघून या.)

दिग्दर्शक रॉबिन हार्डी, पटकथा अँथनी शॅफरची. सार्जंट हाउई हा कट्टर ख्रिश्चन पोलीस एका हरवलेल्या मुलीच्या शोधात बेटावर येतो. तिथे चर्च ओस पडलंय. लोक सूर्याला आणि झाडाझुडपांना भजतात, शाळेत मास्तरीणबाई मेपोलचा अर्थ अजिबात न लाजता समजावून सांगतात. मे दिनाच्या उत्सवाची तयारी चाललीय. हाउईला संशय येतो की त्या मुलीचा बळी देणार आहेत. बळी द्यायचा असतो तो त्याचाच. फांद्या विणून केलेल्या अवाढव्य माणसाच्या पोटात कोंडून त्याला जिवंत जाळतात. तो आत प्रार्थना म्हणतोय, बाहेर सगळं गाव हातात हात घालून डुलत गातंय.

हा चित्रपट म्हणजे जुना धर्म विरुद्ध ख्रिस्ती धर्म, असं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. मला ते पटत नाही, कारण बेटावरचा धर्म जुना नाहीच. बेटाचे मालक लॉर्ड समरआइल (ख्रिस्तोफर ली) हे हाउईला स्वतःच सांगतात. १८६८मध्ये त्यांच्या आजोबांनी हे नापीक बेट विकत घेतलं. आजोबा शेतीशास्त्रज्ञ. या हवेतही टिकतील अशा फळांच्या जाती त्यांनी तयार केल्या, आणि खचलेल्या लोकांनी कामाला लागावं म्हणून त्यांना जुने देव परत दिले. देवांवर त्यांचा स्वतःचा विश्वास नव्हता. पुढच्या पिढीला मात्र या सगळ्याचा लळा लागला. म्हणजे मॅनेजमेंटनं सोय म्हणून आणलेली गोष्ट दोन पिढ्यांत श्रद्धा झाली.

गंमत अशी, की खऱ्या जगातल्या विक्काची गोष्टही फार वेगळी नाही. जेराल्ड गार्डनर हा मलायात कस्टम्समध्ये नोकरी करून निवृत्त झालेला इंग्रज. चेटूकविद्येविरुद्धचा १७३५चा कायदा ब्रिटनमध्ये १९५१ला रद्द झाला आणि १९५४मध्ये त्यानं ‘विचक्राफ्ट टुडे’ छापलं. आपण एका प्राचीन धर्माचे शेवटचे धागे जपतोय, असा त्याचा दावा. या दावेदारीचं पोस्टमॉर्टेम इतिहासकार रोनाल्ड हटननं ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’मध्ये (१९९९) केलंय. हटनची टिंगल न करता खोडून काढायची पद्धत मला फार आवडते.

सणांचंच बघा. आज विक्कन लोक वर्षाला एक चाक मानतात. आठ आरे, साधारण दर दीड महिन्याला एक सण. त्यातले चार, म्हणजे साउइन, इंबोल्क, बेल्टेन आणि लूनासा, खरंच जुने. मध्ययुगीन आयरिश लिखाणात ते सापडतात. बेल्टेनला गुरं दोन आगींच्या मधून नेत, असा उल्लेख हजारएक वर्षांपूर्वीचा आहे. उरलेले चार सूर्याचे: दोन अयनदिन, दोन विषुवदिन. १९५८मध्ये हर्टफर्डशरमधल्या ब्रिकेट वुडच्या गार्डनरच्या मंडळींनी ठरवलं की यांनाही मोठ्या सणांचा मान द्यायचा. कारण? सण जरा जास्त असावेत! मग १९७४मध्ये एडन केली या अमेरिकन विक्कननं आपल्या कॅलेंडरसाठी तिघांना नावं दिली. वसंतातल्या विषुवदिनाला ओस्टारा. उन्हाळ्यातल्या अयनदिनाला लिथा, हे आठव्या शतकातल्या बीड नावाच्या भिक्षूनं नोंदवलेलं महिन्याचं नाव. आणि शरदातल्या विषुवदिनाला मॅबन, जो वेल्श कथेतला एक कैदी तरुण. त्याचा सप्टेंबरशी काही संबंध नाही. कमिट हिस्टरी इतकी स्वच्छ असलेला धर्म क्वचितच सापडेल.

इथे येऊन आमच्यासारख्यांना चेव चढतो. बघा, खोटं निघालं! मीही वर्षभर या आनंदात होतो. पण समरआइलवर काय बिघडतं ते नीट बघितलं तर ‘खोटं’ हा मुद्दाच नाही. हाउई ज्या खानावळीत उतरतो तिथे भिंतीवर दर वर्षीच्या सुगीचे फोटो आहेत, फक्त मागच्या वर्षीचा गायब. फळांसाठी प्रसिद्ध असलेल्या बेटावर त्याच्या ताटात डब्यातल्या भाज्या येतात. पीक बुडालेलं आहे. आजोबांनी बनवलेल्या जाती या थंड, खडकाळ जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या टिकणार नव्हत्या, एवढंच. आमच्याकडे सर्व्हर पडला की दुसऱ्या दिवशी सगळे बसून कुठे चुकलं ते लिहून काढतात. समरआइलवर ती बैठक होत नाही. माती कुणी तपासत नाही. सरळ माणूस जाळायला काढतात.

जळण्याआधी हाउई नेमकं हेच ओरडून सांगतो: ही फळं या बेटावरची नव्हेतच, पुढच्या वर्षी पुन्हा पीक बुडालं तर लोक लॉर्डसाहेबांनाच जाळतील. त्यावर लीचा आवाज चढतो. पीक बुडणार नाही, तो म्हणतो. संपूर्ण चित्रपटात या गृहस्थाचा आवाज इथेच चढतो, आणि माझ्या मते चित्रपट या एका वाक्यावर उभा आहे. आजोबांना खरं काय ते माहीत होतं. नातवाला ते माहीत असणं परवडत नाही.

तक्रार आहे ती गावकऱ्यांबद्दल. त्यांच्यातल्या एकालाही शंका येत नाही. मुलीची आई मिठाईच्या दुकानात बसून अशी निर्विकार, की पटकथेला तिच्याकडून फक्त गूढपणा हवा होता असं वाटतं. शॅफरनं सगळे विधी फ्रेझरच्या ‘द गोल्डन बाउ’सारख्या (१८९०) पुस्तकांतून वेचलेत, आणि फ्रेझरनं ते केंब्रिजच्या खुर्चीत बसून गोळा केलेले. वेताचा माणूसही ज्यूलियस सीझरच्या युद्धवृत्तांतातला. शत्रूनं केलेलं वर्णन, ज्याला उत्खननात दुजोरा मिळालेला नाही. पुस्तकातून आलेली माणसं पुस्तकातल्यासारखीच वागतात. शिवाय विक्कन लोकांचा मूळ नियमच कुणाला इजा करू नका असा आहे. त्यांच्यावर हा चित्रपट सरळ अन्याय करतो, तरी त्यांच्यातल्या कित्येकांचा तो लाडका आहे.

चाकाची खरी परीक्षा मला दुसरीकडेच दिसली. आमच्या टीममध्ये मेलबर्नची एक सहकारी आहे, विक्कन. साउइन हा मेलेल्यांच्या आठवणीचा सण, ३१ ऑक्टोबरचा. पण तेव्हा तिच्याकडे वसंत असतो. पुस्तकातल्या तारखा उत्तर गोलार्धासाठी हार्डकोड केलेल्या! तिकडचे बरेच पेगन लोक म्हणून अख्खं चाक सहा महिन्यांनी फिरवून घेतात. तीही आईच्या नावाचं ताट एप्रिलच्या शेवटी मांडते. तेव्हा रस्त्यावरच्या एल्मची पानं पडत असतात. फुलं फुललेली असताना आईला निरोप देणं तिला जमेना, असं ती एकदा उशिरापर्यंत लांबलेल्या कॉलवर म्हणाली.

मी अर्थातच नको ते बोललो. म्हटलं, एल्म इंग्रजांनी नेलेले. तिथली मूळची निलगिरी शरदात पानं गाळत नाही. तुझा शरदही आयातच.

माहितीये, ती म्हणाली. तिच्या मागच्या अंगणात निलगिरी आहे. ती झाडते तेव्हा सालीचे लांब पट्टे सोडते, तेही ऐन उन्हाळ्यात. त्या भागातल्या मूळच्या कुलिन लोकांच्या वर्षात ऋतू चार नाहीत, सात आहेत, हेही तिनंच सांगितलं. मग त्यात साउइन कुठे बसवणार, असं विचारलं, तर म्हणाली की दोन वर्षं झाली, झाडाखाली वही घेऊन बसते आणि साल कधी सुटते ते लिहून ठेवते. अजून काही ठरलेलं नाही. तोवर ताट एप्रिलमध्येच.