आठ नावे आणि जात्यावरची बाई

तालिकोटची लढाई शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो : "टीचर, यात आपले कोण?" मध्ययुगावरची आपल्याकडची बहुतेक लोकप्रिय पुस्तके हाच प्रश्न घट्ट करतात. त्यांत सुलतान असतात, राजे असतात. माणसे फारशी नसतात.

अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन यांचे 'अ सोशल हिस्टरी ऑफ द डेक्कन' (२००५) म्हणूनच मोलाचे वाटते. १३०० ते १७६१ हा काळ त्यांनी आठ आयुष्यांतून मांडला आहे. १५६५ साली तालिकोटला मारला गेलेला रामराया उमेदवारीच्या काळात गोवळकोंड्याच्या सुलतानाच्या चाकरीत होता, हे त्यात वाचले की 'आपले कोण' हा प्रश्नच लटका पडतो.

मलिक अंबरचे प्रकरण सर्वांत सरस. विकला गेलेला हबशी मुलगा बगदादमार्गे दख्खनेत येतो, निजामशाही सावरतो आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत मुघलांना झुंजवत राहतो. ईटन केवळ त्याच्या शौर्यावर भाळत नाहीत. दख्खनच्या दरबारांना हबशी गुलाम का हवे होते, हे ते विचारतात. नातीगोती तुटलेला माणूस मालकाशीच इमान राखणार, हा त्यामागचा हिशेब. मालक गेल्यावर अंबर मोकळा झाला खरा, पण परतायला गाव कुठे होते? तो इथलाच झाला.

तुकोबांचे प्रकरण मात्र उणे वाटले. मराठी एकीकडे सुलतानांच्या महसुली दप्तरात आणि दुसरीकडे पंढरीच्या वाटेवर कशी रुजली, हे उत्तम सांगितले आहे. पण या साऱ्यात खुद्द तुकोबाच निसटतात.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. आठांत बाई एकच, ताराबाई, आणि तीही राणी. याच लेखकाने 'सूफीज ऑफ बिजापूर' (१९७८) मध्ये दखनीतले चक्कीनामे समोर आणले होते. जात्याचा खुंटा अलिफसारखा उभा, अशा कल्पनांतून दळणाऱ्या बाईपर्यंत अल्लाहचे नाव पोहोचवणारी ती गाणी. आमच्या नानी-दादींच्या ओठी दीन आला तो बहुधा याच वाटेने. त्यात तलवार कुठेच नाही. पण नावानिशी आयुष्य सांगण्याच्या या पद्धतीत ती बाई बसत नाही, कारण तिचे नाव कोणी लिहूनच ठेवले नाही. म्हणून वाचकांनी दोन्ही पुस्तके मिळवावीत, आणि जमल्यास आधी जुने वाचावे.