कथाघटक : जव्हार–मोखाडा परिसरातील कथनपरंपरेच्या संदर्भात

कथेची रचना ज्यांच्या परस्परसंबंधांतून सिद्ध होते, ते कथानक, पात्रे, वातावरण, निवेदन, संवाद व भाषाशैली हे कथेचे प्रमुख घटक होत. या सर्वांना एकत्र बांधणारे तत्त्व म्हणजे आशयसूत्र. मराठीत या घटकांची चर्चा मुख्यतः छापील कथेच्या आधारे झाली. ह. ना. आपटे यांच्या करमणूक (१८९०) या साप्ताहिकापासून स्फुट गोष्ट नियतकालिकांच्या आश्रयाने वाढली. एडगर ॲलन पो याने १८४२ मध्ये हॉथॉर्नच्या कथांचे परीक्षण करताना एकात्म परिणामाची कल्पना मांडली होती, ना. सी. फडके यांच्या तंत्रविचारातही परिणामाच्या एकाग्रतेला असेच महत्त्व आहे. १९४५ नंतरच्या नवकथेने घटनेवरील भर कमी करून मनोव्यापारांना प्राधान्य दिले. व्यंकटेश माडगूळकरांच्या माणदेशी माणसं (१९४९) या संग्रहात तर व्यक्तिचित्र हेच कथेचे अधिष्ठान झाले. घटकांचा परस्परक्रम अशा रीतीने बदलत गेला. तथापि कथा एका लेखकाची व एकट्याने वाचावयाची, हे गृहीत मात्र कायम राहिले.

पालघर जिल्ह्यातील (२०१४ पूर्वी ठाणे जिल्हा) जव्हार व मोखाडा या तालुक्यांतील परंपरा या गृहीताची कसोटी पाहते. येथे वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी इ. जमातींची वस्ती आहे. वारल्यांमध्ये धान्यदेवता कणसरी हिची कथा भगत घांगळी या तंतुवाद्याच्या साथीने गातो. नवे धान्य घरात येण्याच्या काळाशी हे कथन निगडित असते. छापील कथेत वातावरण म्हणजे घटनांची पार्श्वभूमी. येथे धान्य हेच पात्र असून हंगाम हा कथनाचा हेतू आहे. पुनरावृत्ती हाही येथे दोष ठरत नाही. डॅनिश लोकविद्याभ्यासक आक्सेल ओल्रिक याने १९०९ मध्ये लोककथेचे जे नियम सांगितले, त्यांत पुनरावृत्ती व एकसूत्री कथानक यांचा समावेश आहे. ऐकणाऱ्यास मागचे पान उलटून पाहता येत नाही. म्हणून आवर्तनाने कथा स्मरणात राहते.

बोहाडा या मुखवटानाट्यात पात्रघटकाचे वेगळे रूप दिसते. रात्रभर चालणाऱ्या या उत्सवात गणपती, सरस्वती, रावण, नरसिंह, देवी इत्यादींची सोंगे वाद्यांच्या तालावर नाचत येतात. सोंग घेण्याचा मान अनेक ठिकाणी विशिष्ट घराण्याकडे परंपरेने चालत आलेला असतो. पात्रांच्या कथा प्रेक्षकांना आधीच ठाऊक असल्याने संवाद व उत्कंठा यांना गौण स्थान राहते. ई. एम. फॉर्स्टरने १९२७ मध्ये केलेला सपाट व गोलाकार पात्रांचा भेद येथे जसाच्या तसा लावल्यास सर्वच सोंगे सपाट ठरतील. परंतु मुखवट्याआड शेजारचा परिचित माणूस आहे, ही प्रेक्षकाची जाणीव त्या पात्रास दुसरी मिती देते. ती संहितेत सापडत नाही. प्रयोगात मात्र प्रत्ययास येते.

यावरून घटकांची परिभाषा निरुपयोगी ठरत नाही. तिची मर्यादा स्पष्ट होते. कथनाचा प्रसंग, कथन करण्याचा अधिकार आणि श्रोत्यांचा सहभाग हेही घटक मानल्याशिवाय मौखिक कथेचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. तसे न केल्यास दुहेरी हानी संभवते. डोंगर, रान व दारिद्र्य यांचा केवळ वातावरणनिर्मितीसाठी उपयोग करणाऱ्या कथेत आदिवासी माणूस देखाव्याचा भाग होतो; आणि ज्या मुलाने घरी कणसरीची कथा ऐकली आहे, त्याच्यासमोर वर्गात घटकांची यादी अशा रीतीने येते, की आपल्या घरची गोष्ट ही गोष्टच नव्हे, असे त्याला वाटावे. घटक हे कथा समजून घेण्याची साधने आहेत. साधनाच्या मापात न बसणारी कथा वगळण्याऐवजी साधनाची फेरतपासणी करणे, हे समीक्षेचे कार्य होय.